गच्चीवरची खूण

नवतप्याचा तिसरा दिवस.
टाकी भरली का बघायला वर गेले
तर गिट्टीत चार अंडी,
गिट्टीच्याच रंगाची.
पाय पडता पडता राहिला.
जिना उतरेपर्यंत टिटवीनं डोकं खाल्लं माझं.

सासूबाई कांदा चिरत होत्या. थांबल्या.
"टोकं कोनाकडं हाय?"
कसली टोकं?
"अंड्याईचे. खाली हाय का वर?"
मी ओढणी बांधून पुन्हा वर,
सेहेचाळीस डिग्रीत
अंड्यांची टोकं बघायला.

खाली होती. चारही.
"म्हंजे चारही महिने," एवढंच म्हणाल्या
आणि कढई चढवली.

फागनबाई वलथरे, कुहीकडच्या, ढिवराच्या.
जन्म गेला बोडीच्या काठाशी.
टिटवी बोडीच्या पोटात बसली
की त्या वर्षी जाळं खुंटीवर, मजुरीला चला.
पाळीच्या माथ्यावर बसली की नवा दोरा आणा.
पेरणीआधी लोक दारात येऊन बसायचे,
चहा न घेता उठायचे नाहीत.
एका वर्षी चुकलं. तेही लपवत नाहीत:
"थ्या साली टिटवीच चुकली."

दिघोरीच्या आमच्या बिल्डिंगीत बातमी फिरली.
पाळीवर बसली तर तलाव भरतो,
मग तीन मजल्यांवर बसली तर?
दोनशे दोनचे उमरेडकर काका हसले,
नाव घ्यायची का सोसायटीच्या फंडातून?
त्याच संध्याकाळी मात्र
बेसमेंटमधली स्कूटर वर आणून
ओट्यावर लावली त्यांनी.

सासूबाई पाच दिवस कुणाला काही बोलल्या नाहीत.
गावाहून आणलेल्या खुणा इथं नीट चालतही नव्हत्या.
मुंग्या खडूच्या रेघेशी अडतात.
चंद्राचं खळं हायमास्टच्या उजेडात बुडतं.
बहावा फुलतो, पण दुभाजकावरचा,
त्याला टँकरचं पाणी,
त्याच्या शब्दावर कोण राहणार?
भरवसा बसला तो एका कूलरवर.
खस भिजूनही हवा गार लागेना
की म्हणतात, "पानी जवळ आलं."

सहाव्या दिवशी भाकरी थापताना आपणहून बोलल्या.
"पान्याचं नाई सांगून राह्यली थे.
जागेचं सांगून राह्यली.
खाली कुठी बसन?"
मी खिडकीतून बघितलं.
सिमेंटचा रस्ता, त्याला लागून फरशा,
फरशांना लागून पार्किंग,
पलीकडे एकच रिकामा प्लॉट,
त्यावर विकणे आहे.

मधे पाऊस दोनदा येऊन गेला.
टिटवी अंड्यांवरून हलली नाही.

मग एका सकाळी
ती त्या प्लॉटमधून ओरडायला लागली
आणि वर कठड्याच्या पन्हाळीपाशी
काडीच्या पायांचे तीन कापूसबोळे.
सासूबाईंनी पलंगाच्या पेटीतून
सासऱ्यांचं फेकजाळं काढलं.
सात वर्षं घडी मोडली नव्हती,
वास तसाच, बोडीचा.
एक टोक ग्रिलला, एक कडुलिंबाला,
एक मी धरलं,
एक उमरेडकर काकांनी, बनियनवर.
"ताणू नका," त्या म्हणाल्या, "झोळ राहू द्या."

पहिलं पडलं तेव्हा जाळ्याला कळलंही नाही.
दुसरं.
तिसरं बराच वेळ विचार करत होतं.
फागनबाईंनी एकेक गाठीतून सोडवलं,
लहान मासोळी परत पाण्यात सोडतात तसं
फाटकाबाहेर ठेवलं.
पळाली.

चौथं अंडं फुटलंच नाही.
गुडघ्यावर हात ठेवत त्या स्वतः वर गेल्या,
हातात घेतलं, टोक कुठं ते बघितलं,
कानाशी धरलं.
मी विचारलं, म्हणजे आता?
काही बोलल्या नाहीत.
जाळं दोरीवर वाळत घातलं.

उमरेडकर काकांची स्कूटर
अजून ओट्यावरच आहे.